अकरा वर्षांचा दाखला

३ फेब्रुवारी, सोमवार

बारक्या,

आधी हिशोब सांगतो. लेटरहेडचा एक कागद, शिक्क्याच्या शाईचा एक ठिपका आणि माझी दीड मिनिटं. ‘सदर इसमाने माझ्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षे लिफ्ट दुरुस्तीचे काम केले आहे’ एवढं लिहायला याहून जास्त काही लागत नव्हतं. ते मी दिलं नाही. त्यापायी तुझी नऊ वर्षं गेली. तीही मदतनीस म्हणून, आणि ज्यांना तू शिकवायला हवं होतंस त्यांच्या हत्यारांच्या पेट्या उचलत. ताई हे सांगताना आवाज खाली आणते. माझे कान किती तिखट आहेत हे ती विसरते.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो मी राखून ठेवलाय. फोनवरच बोललो असतो, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. नऊ वर्षांत तीन फोन बदललेस आणि तिन्ही वेळा तेवढं एक काम न चुकता केलंस. म्हणून हा कागद. तो बंद करता येत नाही, फाडता मात्र येतो.

तर, तुझी मागणी पोचली. संघटनेनं सगळ्या वर्कशॉपवाल्यांना फोनमध्ये ते नवीन ॲपचं प्रकरण घालून दिलंय, त्यावर शनिवारी सकाळी टिंग वाजलं. ‘अर्ज: लिफ्ट निरीक्षक परवाना. किमान दहा वर्षांच्या प्रत्यक्ष कामाचा पडताळता येणारा दाखला हवा. कागदपत्र तपासणी: २० फेब्रुवारी.’ खाली तुझं नाव. दादा नाही, कृपया नाही. तुझी वहिनी खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, “अगदी तुमच्यावर गेलाय. विजेच्या बिलात यापेक्षा जास्त माया असते.”

मी जूनपर्यंतचे महिने मोजले. जूनमध्ये तू पंचेचाळीस पूर्ण करतोस, आणि पंचेचाळिशीनंतर हा अर्ज घेत नाहीत. म्हणजे हीच एक खेप. मदतनीसाची नऊ वर्षं त्यात धरत नाहीत. धरतात ती माझ्याकडची अकरा, आणि ती माझ्याशिवाय कोणी लिहून देऊ शकत नाही. हे मागणं तुला किती जड गेलं असेल ते कळतं मला.

तू माझ्याकडून ज्या मोठ्या कंपनीत गेलास तिनं तेव्हा तुझ्याबद्दल विचारायला मला फोन केला होता असं ताई म्हणते. केलाही असेल. तेव्हा दिवसाला पन्नास फोन यायचे, कुठला कुठला लक्षात ठेवणार.

शनिवारीच संघटनेच्या कचेरीत गेलो. नोंदणीचं काम एक बाई बघतात. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि कोणाचंही ऐकून घेण्याआधी समोरची खुर्ची सरळ करणाऱ्या. मी म्हटलं, “बाई, शिक्का आणलाय. कुठे मारू?”

“शिक्का घरी ठेवा, मिस्त्री. आता किल्ली.”

“आणि कुलूप?”

“दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, ती तुमच्या फोनमध्ये राहणार. तिनं तुम्ही दाखल्यावर सही करायची. दुसरी उघडी, ती नोंदवहीत, कोणालाही दिसेल अशी. उघड्या किल्लीनं सही करता येत नाही. सही तुमच्याच गुप्त किल्लीनं झालीय का आणि नंतर दाखल्यात एखादं अक्षर बदललंय का, एवढं तपासता येतं.”

“म्हणजे मशीन रूमची किल्ली माझ्याकडे, आणि काचेतून डोकावायला सगळ्यांना मोकळीक.”

“जवळपास,” बाई म्हणाल्या. त्या ‘जवळपास’ म्हणतात तेव्हा ‘चूक’ म्हणत असतात, हे मला नंतर कळलं.

नोंदवही कोणाची, तेही विचारलं. कोणा एकाची नाही म्हणे. आपली संघटना, इमारत बांधणारे, विमेवाले, परगावच्या संघटना, सगळ्यांकडे तिची सारखीच प्रत असते. एकानं त्याच्याकडच्या पानावर खाडाखोड केली तर बाकीच्यांशी जुळत नाही आणि तो पकडला जातो. त्या वहीत माझी एक ओळख तयार झाली, हा एवढा लांब आकडा. मी विचारलं, “हा मला कोणी दिला?”

“कोणी नाही. मघाशी बोट लावलंत तेव्हा तुमच्याच फोननं तयार केला. दिलेला नाही, त्यामुळे काढूनही घेता येत नाही.”

हे मला फार आवडलं. मला आयुष्यात कोणी काही दिलेलं नाही हे मी तुला जेवताना हजारदा ऐकवलंय. आता ते वहीतही आलं.

शेवटी बाईंनी फोनवर आलेले बारा शब्द एका चिठ्ठीवर लिहून घ्यायला लावले. चमचा, विहीर, पतंग, कात्री असे, आगापीछा नसलेले. फोन हरवला तर या बारा शब्दांवरून गुप्त किल्ली पुन्हा उभी करता येते. म्हणाल्या, “जळणार नाही, भिजणार नाही, उंदीर कुरतडणार नाही अशा ठिकाणी ठेवा.”

मी म्हटलं, “ते माझ्यावर सोडा, बाई.”

दादा

९ फेब्रुवारी, रविवार

बारक्या,

काल दुपारी तुझा दाखला दिला आणि चार मिनिटांत तू तो घेतलास. मी दिला म्हणजे तुझ्या फोनला ‘घेणार का’ असं विचारलं जातं, तू ‘हो’ म्हटल्याचं मला दिसतं. पत्राला उत्तर नाही, पण ते ‘हो’ मी वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, “फ्रेम करून लावा.”

दाखल्यात मोघम चालत नाही. कधीपासून, कधीपर्यंत, कोणतं काम, कोणाच्या देखरेखीखाली, एकट्यानं काय केलं, असे रकाने आहेत. मी कामाच्या जुन्या वह्या काढल्या. तीन दिवस माळ्यावर बसून वाचल्या. दोर बदलले, ब्रेक बसवले, दारं सरळ केली, अडकलेली माणसं काढली. पहिली दोन वर्षं माझं अक्षर, पुढे सगळं तुझं. त्या दाताच्या दवाखान्यातली लिफ्ट मी दुरुस्त केली असं आजवर सांगत आलो. वहीत तुझं अक्षर आहे आणि शेजारी लिहिलंय, ‘दादा तापानं घरी.’ ते रकान्यात भरलं. एकट्यानं केलेली कामं, एकशे शहाण्णव.

बाईंनी सांगितलं की परवानावाल्यांसमोर हा अख्खा दाखला उघडावा लागत नाही. त्यांनी विचारलं की ‘दहा वर्षं पूर्ण आहेत का’, तर तुझा फोन तेवढंच दाखवेल. पगार, पत्ता, जन्मतारीख आतच राहील. आणि तो तुझ्याच फोनमधल्या तुझ्या किल्लीला बांधलेला आहे, दुसऱ्यानं चोरून स्वतःचा म्हणून दाखवला तर चालणार नाही. हे ऐकून मला माझ्याकडे खोटे कागद घेऊन आलेले सगळे वीर आठवले. एकानं तर माझ्याच सहीचा कागद मला दाखवला होता, आणि सही माझ्यापेक्षा चांगली केली होती.

मग मी विचारलं, “बाई, त्यानं हा दाखला कुठे, कधी दाखवला ते मला कळेल ना?”

“नाही.”

“अहो, दाखला माझा, सही माझी.”

“दिलात ना? मग आता त्यांचा. ते त्यांच्या फोनमधून दाखवतील, समोरचा वहीतल्या उघड्या किल्लीशी ताडून बघेल. तुमच्यापर्यंत काही येत नाही.”

“मला फोन करून विचारणार नाहीत?”

“कशाला?”

“खात्री करायला.”

“खात्री सहीवरून होते. फोनवर माणूस काय वाटेल ते सांगतो, मिस्त्री.”

बाईंनी सहज म्हटलं आणि खुर्ची सरळ केली. मी उगाच माझ्या शिक्क्याची डबी उघडली, बंद केली.

तो फोन आला होता, बारक्या. मागच्या पत्रात आठवत नाही असं लिहिलं. आठवतं. पुढचं कधीतरी सांगेन.

रद्द करायचं बटणही माझ्या फोनवर आहे, लाल रंगाचं. ते दाबलं की वहीत खूण पडते आणि तपासणाऱ्याला दाखला रद्द झाल्याचं दिसतं. वहिनीनं ते पाहून ठेवलंय. म्हणाली, “त्याला हात लावलात तर मी ताईकडे राहायला जाईन, आणि तिथून तुमचा नंबर बंद करीन.”

पण आता जरा माझंही ऐक. तुझा दिला तसा मग मी सगळ्यांनाच दिला. बसल्या बैठकीला, एका दुपारी. माझ्या हाताखालून गेलेले, तुला धरून बत्तीस जण. या धंद्यात कुठेही जा, कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर जा, मशीन रूममध्ये वाकलेला माणूस माझ्या दाखल्यावर उभा आहे. बत्तीस! बाईसुद्धा चष्मा काढून बघायला लागल्या. आमचं वर्कशॉप असे दाखले देणारं पहिलं निघालं म्हणून संघटनेच्या मासिक पत्रकासाठी आज सकाळीच फोटोवाला पाठवला होता. मी टेबलाशी बसलो, इस्त्रीचा शर्ट घातला. बाराही शब्दांची मी कायमची सोय केलीय, आपल्या पद्धतीनं. फोटोवाल्यालाही ती आवडली.

दादा

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बारक्या,

हे पत्र टपालात टाकत नाही, तेवढा वेळ नाही. फोटो काढून ताईला पाठवतोय. ती तुझ्या घरी येईल आणि फोन तुझ्यासमोर धरेल. अक्षर माझंच आहे, र चा पाय मोडलेला आहे बघ. तू तिला “दादाची वकिली करू नकोस” असं म्हणून दार लावलंस हे तिनं सांगितलं. आता वकिली मीच करतो.

आज सकाळी तुझ्या फोनवर आलं असेल: ‘देणाऱ्याची किल्ली बंद. दाखला अमान्य.’ तपासणीला दोन दिवस राहिले असताना. ते वाचून तुझ्या मनात काय आलं हे मला कोणी सांगायला नको. लाल बटण दाबलं त्यानं, असंच ना? मी दाबलेलं नाही. काय झालं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

ते बारा शब्द. जळू नयेत, भिजू नयेत, उंदरानं खाऊ नयेत. आपण टिकवायच्या गोष्टीचं काय करतो? किती माणसं बसवायची, किती वजन, दोर कधी बदलला, सगळं पितळी पट्टीवर ठोकतो आणि मशीनच्या अंगावर रिव्हेट मारून बसवतो. मी तेच केलं. जाड पट्टी कापली, अक्षरांचे ठसे घेतले, बाराही शब्द एका रेषेत ठोकले, पॉलिश केली, आणि टेबलामागच्या भिंतीवर चार रिव्हेटांनी बसवली. इतकी सुबक पट्टी मी दहा वर्षांत ठोकली नव्हती.

तिच्याच पुढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून फोटो काढला.

काल पत्रक निघालं. साडेचार हजार सभासदांना गेलं. पहिल्या पानावर मी, आणि माझ्या डोक्यामागे शब्द. स्वच्छ, एकेक अक्षर वाचता येईल असे. संध्याकाळी बाईंचा फोन.

“मिस्त्री, पत्रक बघितलंत?”

“बघितलं की. फोटो चांगला आलाय.”

“तुमच्या मागे भिंतीवर काय आहे?”

“ते होय? आपले बारा शब्द.”

पलीकडे खुर्ची सरळ केल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “जळणार नाही, भिजणार नाही म्हटलं होतं मी. दिसणार नाही हे सांगायचं राहिलं. ते सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही हो.”

म्हणजे असं, की ज्यानं ते शब्द वाचले तो माझी गुप्त किल्ली करून घेऊ शकतो. माझ्या नावानं दाखले देऊ शकतो, त्यावर मागची तारीख घालू शकतो. त्यामुळे त्या किल्लीनं केलेली एकही सही धरता येत नाही, खरी असली तरी. किल्ली रात्रीच बंद केली, आणि तिच्याबरोबर बत्तीसच्या बत्तीस दाखले गेले. तुझा एकट्याचा नाही. ताईला पत्रकही पाठवलंय, पहिलं पान बघ.

आज पहाटे नवी किल्ली केली. ओळख तीच राहते, वहीत फक्त जुन्या किल्लीच्या जागी नवी लागते, घर तेच आणि कुलूप नवं. तुझा दाखला नव्या किल्लीनं पुन्हा केला, शब्दन्‌शब्द तोच, आणि सात वाजता पाठवला. तो तुझ्या फोनच्या दाराशी उभा आहे. तू ‘हो’ म्हणत नाहीस तोवर आत येत नाही, आणि त्यात माझा काही इलाज नाही. बाईंना विचारलं, “मला इथून ढकलता येत नाही का?” त्या म्हणाल्या, “नाही. घ्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.”

आता तू म्हणशील, दादावर का विश्वास ठेवू. बरोबर आहे. ‘या वेळी मी केलं नाही’ असं म्हणायचं तर त्या वेळी केलं होतं हे आधी म्हणायला हवं.

त्या कंपनीतून एका बाईंचा फोन आला होता. मी ब्रेक उघडून बसलो होतो, फोन खांद्याला लावलेला. तू गेलास त्याला आठ दिवस झाले होते. त्या म्हणाल्या, “यांनी तुमच्याकडे अकरा वर्षं काम केलं असं लिहिलंय, बरोबर आहे का?” मी म्हणालो, “घरचाच आहे. येऊन बसायचा.” त्या म्हणाल्या, “म्हणजे काम नाही करायचे?” मी म्हणालो, “आता भावाला काय म्हणायचं, तुम्हीच समजून घ्या.” आणि हसलो. त्याही हसल्या. मग त्यांनी काहीतरी लिहिलं. पेनचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. नाही म्हटलं असतं तर निदान सरळ खोटं झालं असतं. मी हसण्यावारी नेलं, म्हणजे कोणी विचारलंच तर मी काही बोललोच नाही असं म्हणायला मोकळा.

त्या दिवशी तू माझ्याशिवाय मोठा होऊ नयेस असं मला वाटत होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

पेन ऐकलं तेव्हाच पुन्हा फोन लावून सांगता आलं असतं. नंबर समोर होता.

परवा दहा वाजता तपासणी आहे. माझ्यावर राग ठेव, मी कुठे जात नाही. पण त्याआधी ‘हो’ म्हण.

दादा

२२ फेब्रुवारी, शनिवार

बारक्या,

ताईनं सगळं सांगितलं, आणि ती सांगते तेव्हा तू कुठल्या हातानं डोकं खाजवलंस तेही सांगते.

मंगळवारी तू पत्र वाचलंस, तिचा फोन तिला परत दिलास आणि दाढी करायला गेलास. बुधवारी दिवसभर काही नाही. मी इकडे दर दहा मिनिटांनी फोन उघडून बघत होतो. ‘घेतला नाही.’ ‘घेतला नाही.’ एका ग्राहकाच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये उभा राहून बघत होतो, तर खालून त्या गृहस्थांनी विचारलं, “मिस्त्री, अडकलात का?” मी म्हटलं, “हो.”

गुरुवारी सकाळी ताई पुन्हा आली तेव्हा तुझ्या हातात पत्रक होतं. फोटो डोळ्यांजवळ धरून तू बघत होतास म्हणे. तू विचारलंस, “हे खरंच ठोकलं त्यानं?”

“ठोकलं. चार रिव्हेट.”

“पॉलिश करून?”

“पॉलिश करून.”

मग तू हसायला लागलास. खुर्चीवर बसून, डोळे पुसून हसलास, ताई म्हणते. तिला वाटलं रडतोयस, ती पाणी आणायला धावली. तू म्हणालास, “खोटंच सांगायचं असतं तर दादानं स्वतःला एवढं येडं दाखवलं नसतं. हे त्यानंच केलंय. हे दुसऱ्या कोणाला सुचणार नाही.”

नऊ चाळीसला माझ्या फोनवर ‘घेतला’ असं आलं. वहिनी देवासमोर होती, मी ओरडलो तर तिला वाटलं शॉक लागला.

तपासणी कशी झाली ते बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मला कळायला नको, पण ताई बाहेर बाकावर बसली होती आणि दार उघडं होतं. समोरच्या माणसानं चौकोनी नक्षी पुढे केली, तू त्यावर फोन धरलास. त्यानं तीनच गोष्टी मागितल्या, नाव, कामाचा प्रकार आणि दहा वर्षं पूर्ण आहेत का. सही जुळली, किल्ली चालू, दाखला रद्द नाही. तो म्हणाला, “पुढे.” लिफ्टचं दार लागायला लागतो त्याहून कमी वेळ. मला कोणी फोन केला नाही.

मग अकरा वाजता केलास तो तू केलास. अनोळखी नंबर. मी उचलला. मागून दाराचा आवाज येत होता. मी म्हटलं, “कुठल्या लिफ्टजवळ उभा आहेस? दार खालून घासतंय.”

“माहितीय,” तू म्हणालास, आणि ठेवलास.

एवढंच बोललो आपण नऊ वर्षांनी. वहिनी म्हणाली, “भावाभावांचं बोलणं झालं, आणि दाराबद्दल!” मी तिला म्हटलं, त्याला ऐकू आलं होतं, मी सांगायच्या आधी.

पट्टी काढली. रिव्हेट फोडून काढावे लागले, भिंतीला चार भोकं राहिली. फोननं नवे बारा शब्द दिले ते कुठे आहेत हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही, आणि ती विचारत नाही, म्हणजे तिला सापडलेले आहेत.

दादा

३० मार्च, रविवार

बारक्या,

परवाना मिळाल्याचं ताईनं आधी सांगितलं आणि तुझा निरोप तिच्यानंतर वीस मिनिटांनी आला. ‘परवाना मिळाला. सोमवारपासून रुजू.’ या वेळीही दादा नाही आणि कृपया नाही. पण निरोप माझ्या नंबरावर आला, संघटनेच्या प्रकरणावर नाही. म्हणजे नंबर उघडलास.

एक गोष्ट तुला न विचारता केली, ती सांगून टाकतो. त्या कंपनीला पत्र लिहिलं. नऊ वर्षांपूर्वी मी फोनवर जे सांगितलं ते चुकीचं होतं, तुमच्या नोंदीत दुरुस्त करा, असं. सोबत तुझ्या कामांची वहीतली यादी जोडली, एकशे शहाण्णवची. परवा उत्तर आलं, अगदी सभ्य. फोनवरच्या चौकशीच्या नोंदी ते तीन वर्षांनंतर ठेवत नाहीत. असली काही नोंद त्यांच्याकडे नाही. म्हणजे सहा वर्षं तुला ज्या कागदानं खाली ठेवलं तो कागद तिथे नव्हताच. तुला मदतनीस म्हणून घेतलं होतं, म्हणून तू मदतनीस होतास, आणि का घेतलं होतं हे कोणाला आठवतही नव्हतं. त्यांचं हे उत्तर तुला पाठवू की नको यावर दोन दिवस घालवले. पाठवतोय. तुझंच आहे ते.

तू माफ केलंस असं मी धरून चाललेलो नाही. ताई म्हणते, दादा, घाई करू नकोस. मी घाई करत नाही. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत तुझी पेटी आहे, कुलूप लावलेली. किल्ली तूच नेलीस. मी ती नऊ वर्षांत हलवली नाही, फक्त पावसाळ्याआधी तिच्याखाली विटा सरकवतो. कधी या बाजूला आलास तर उघड. मी तेव्हा बाहेर जाऊन बसेन, हवं तर.

सोमवारी पहिल्या इमारतीत जाशील तेव्हा मालक तुला खुर्ची देईल, काहीतरी खायला मागवेल आणि म्हणेल, साहेब, सगळं ठीक आहे, सही करा. तू मशीन रूममध्ये आधी जा. हे तुला सांगायची गरज नाही. मला सांगायची आहे.

राखून ठेवलेला आशीर्वाद आता लिहितो: औक्षवंत हो, आणि दोरावर हात ठेवल्याशिवाय सही करू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. नव्या किल्लीनं मी बत्तीसही दाखले पुन्हा पाठवले त्याला आज चाळीस दिवस झाले. मी बाईंना विचारलं, बाकीच्यांचे फोन बंद आहेत का? त्या म्हणाल्या, “फोन चालू आहेत, मिस्त्री. ज्याला लागतो तो घेतो.” आजपर्यंत तिघांनी घेतलाय. तुला धरून.